गणित वाचायला शिकवणार कोण?

डॉन झागिअर या गणितज्ञाने १९९० साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त एक सिद्धता छापली. तिची लांबी एक वाक्य. प्रमेय जुने आणि नामांकित: ज्या विषम मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, ती दोन वर्गसंख्यांची बेरीज म्हणून मांडता येते. ५ म्हणजे १ अधिक ४, १३ म्हणजे ४ अधिक ९, १७ म्हणजे १ अधिक १६, २९ म्हणजे ४ अधिक २५. फर्माने १६४० च्या नाताळच्या दिवशी मर्सेनला लिहिलेल्या पत्रात हे कळवले होते, पण सिद्धता दिली नव्हती. ती द्यायला ऑयलर यावा लागला आणि मध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली. झागिअरने तेच काम एका वाक्यात उरकले.

हे वाक्य आपल्याकडच्या टी.वाय. बी.एस्सी.च्या मुलाला किंवा मुलीला कळेल का? त्यात लागणारे गणित बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांच्या पुढे जात नाही. तरीही पहिल्या वाचनात त्यातले जवळपास काहीच हाती लागणार नाही, आणि यात विद्यार्थ्याचा काही दोष नाही. गणिताचे पान कसे वाचायचे, हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते. कोणते प्रमेय ‘आयएमपी’ आहे, कोणत्या युनिटवर किती गुण आहेत, गेल्या वर्षी काय येऊन गेले आणि यंदा काय येईल, हे त्याला चोख ठाऊक असते. सरांच्या नोट्सची झेरॉक्स त्याच्याकडे असते. पण नोट्सशिवाय, परीक्षेशिवाय, निव्वळ समजून घेण्यासाठी एखाद्या पुस्तकाची तीस-चाळीस पाने ओळीने वाचण्याचा प्रसंग तीन वर्षांत बहुतेकांवर येतच नाही.

हा प्रसंग मुद्दाम घडवून आणता येतो, आणि तोही फारशा खर्चाविना. शिकागो विद्यापीठातल्या पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी २००३ साली ‘डायरेक्टेड रीडिंग प्रोग्रॅम’ (डीआरपी) या नावाने एक योजना सुरू केली. पदवीच्या एका विद्यार्थ्याची पीएचडीच्या एका विद्यार्थ्याशी जोडी लावायची. दोघांनी मिळून एक पुस्तक किंवा एक विषय निवडायचा. पदवीच्या विद्यार्थ्याने आठवडाभर स्वतः वाचायचे, उदाहरणे सोडवायची, आणि आठवड्यातून एकदा तासभर मार्गदर्शकासमोर बसून काय कळले, काय नाही, ते सांगायचे. सत्राच्या शेवटी इतर विद्यार्थ्यांसमोर दहा-बारा मिनिटांचे भाषण द्यायचे. संपली योजना. पुढे मेरीलँड, टेक्सास, येल, एमआयटी अशा अनेक विद्यापीठांच्या गणित विभागांनी ती उचलली. ज्यांच्या महाविद्यालयात अशी सोय नाही त्यांच्यासाठी ‘टूपल्स’ नावाचा आंतरविद्यापीठीय उपक्रमही निघाला. त्यात जोडीतले दोघे वेगवेगळ्या संस्थांतले असतात आणि भेट पडद्यावर होते.

योजना इतकी साधी दिसते की तिच्यात विशेष काय, असे कोणालाही वाटेल. विशेष आहे ते त्या एका तासात.

समजा, एका जोडीने झागिअरचे वाक्य घेतले आहे. विद्यार्थिनी आठवडाभर त्याच्याशी झटून आली आहे. मार्गदर्शक तिला समजावून सांगत नाही, तिच्या हातात खडू देतो. ती १३ ही संख्या घेते. अ, ब, क अशा तीन धन पूर्णांकांच्या सगळ्या त्रिकुटांची यादी करायची आहे. अट एकच: अ चा वर्ग अधिक ब आणि क यांच्या गुणाकाराची चौपट मिळून १३ झाले पाहिजेत. फळ्यावर तीन त्रिकुटे येतात: (१, १, ३), (१, ३, १) आणि (३, १, १). आता ब आणि क यांची अदलाबदल केली की पहिली दोन एकमेकांत बदलतात, तिसरे मात्र जागच्या जागी राहते, कारण त्यात ब आणि क सारखेच आहेत. ब आणि क सारखे असले की दोन वर्ग आपोआप मिळतात: ३ चा वर्ग अधिक २ चा वर्ग, म्हणजे १३.

मग ती १७ घेते. या वेळी पाच त्रिकुटे निघतात आणि एकटे उरते ते (१, २, २). १ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. तिच्या लक्षात येते की सगळी भिस्त त्रिकुटांची संख्या विषम असण्यावर आहे. संख्या विषम असेल तर जोड्या लावताना कोणीतरी एकटे राहणारच. ही संख्या नेहमी विषम का असते, हेच झागिअरच्या वाक्याचे खरे काम. त्यासाठी तो त्रिकुटांच्या जोड्या लावण्याची दुसरी, जरा चमत्कारिक रीत देतो. तिच्यात तीन प्रकार आहेत: अ हा ‘ब वजा क’ पेक्षा लहान असेल तर एक सूत्र, तो ‘ब वजा क’ आणि ब ची दुप्पट यांच्या मध्ये असेल तर दुसरे, आणि ब च्या दुपटीपेक्षा मोठा असेल तर तिसरे. या रीतीत नेमके एकच त्रिकूट एकटे पडते, म्हणून एकूण संख्या विषम.

इथे मार्गदर्शक पहिल्यांदा तोंड उघडतो: “अ हा ‘ब वजा क’ च्या बरोबर असेल तर?”

छापील वाक्यात याचे उत्तर नाही. विद्यार्थिनी थांबते. शाळेत पाठ केलेले सूत्र तिला आठवते: दोन संख्यांच्या वजाबाकीच्या वर्गात त्यांच्या गुणाकाराची चौपट मिळवली की बेरजेचा वर्ग होतो. म्हणजे तसे असते तर आपली मूळ संख्या ‘ब अधिक क’ चा वर्ग झाली असती, आणि वर्गसंख्या मूळ कशी असेल? अ हा ब च्या बरोबर दुप्पट असेल तर? मग ती संख्या ४ ने भागली गेली असती. दोन्ही शक्यता बाद. लेखकाने त्या लिहिल्या नाहीत, कारण वाचणारा त्या स्वतः भरून काढेल असे त्याने धरले होते. गणिताच्या पुस्तकांत ‘हे उघड आहे’ असे लिहिलेले असते किंवा काहीच लिहिलेले नसते, अशा जागा पानोपानी येतात. अशा जागी थांबायची सवय लागणे म्हणजे गणित वाचता येणे. साठ-सत्तर जणांच्या वर्गात ही सवय लावता येत नाही. तिथे सर स्वतःच प्रश्न विचारतात, स्वतःच उत्तर देतात आणि पोर्शन पुढे सरकतो.

“हुशार मुलगा असेल तर वाचेल की आपले आपण,” हा यावरचा नेहमीचा आक्षेप. त्याच्या पाठोपाठ रामानुजनचे उदाहरण येते. कुंभकोणमच्या या मुलाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी. एस. कार यांचे पुस्तक मिळाले. त्यात हजारो सूत्रे आणि निष्कर्ष होते, पण सिद्धता फारच त्रोटक होत्या. रामानुजनने ते एकट्याने वाचले आणि त्यावर आपले गणित उभारले, हे खरे. पण याच एकलेपणाची किंमतही त्याने मोजली. केंब्रिजला पोचल्यावर सिद्धता म्हणजे नेमके काय, याबद्दलची त्याची कल्पना धूसर असल्याचे तिथले गणितज्ञ हार्डी यांना आढळले, आणि काही अगदी प्राथमिक गोष्टी त्याला तिथे शिकाव्या लागल्या. रामानुजनसुद्धा मार्गदर्शकाविना अडला, तर कळवण किंवा किनवटच्या महाविद्यालयातल्या मुलाने एकट्याने रुडिन किंवा हर्स्टाइन यांचे पाठ्यपुस्तक पचवावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही याच विषयात आहे. टेक्सास विद्यापीठात आर. एल. मूर १९२० पासून १९६९ पर्यंत शिकवत होते. त्यांच्या वर्गात पुस्तक उघडायलाच मनाई होती. ते व्याख्या आणि प्रमेये देत. सिद्धता विद्यार्थ्याने स्वतः शोधायची आणि फळ्यावर उभे राहून मांडायची. या पद्धतीतून विसाव्या शतकातल्या अमेरिकन गणितातली काही मोठी नावे घडली. त्याच मूर यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घेण्यास नकार दिला, हेही इतिहासात नोंदलेले आहे. उत्तम शिक्षण निवडक लोकांच्या हाती राहिले की निवड कशावर होते, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. आज त्याच टेक्सास विद्यापीठात डीआरपी चालते. तिथे पुस्तक परत आले, फळा मात्र मूर यांचाच राहिला.

महाराष्ट्राला हे सगळे परके नाही. मुंबई विद्यापीठात प्राध्यापक असताना एस. कुमारेसन यांनी १९९३ साली ‘एमटीटीएस’ हे उन्हाळी शिबिर सुरू केले. अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाने त्याला पैसा पुरवला. देशभरातून निवडलेले पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थी चार आठवडे एकत्र राहायचे आणि शिक्षक त्यांना उत्तरे देण्याऐवजी प्रश्न विचारायचे. लहान गावांतल्या महाविद्यालयांतून आलेल्या कित्येकांना ‘का?’ हा प्रश्न गणिताच्या तासाला विचारता येतो, हे तिथे पहिल्यांदा कळले. त्यांतले अनेक पुढे देशातल्या नामवंत संस्थांत शिक्षक आणि संशोधक झाले. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठाननेही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी अशीच जागा निर्माण केली.

पण शिबिर मे-जूनमध्ये संपते. जुलैत तो विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात परततो. तिथे सबमिशन असते, इंटरनल असते, आणि शिबिरात लागलेली सवय पुढे नेणारे कोणी नसते. शिवाय शिबिराला निवड होणाऱ्यांची संख्या अपरिहार्यपणे मर्यादित राहते. आपल्याकडे उणीव आहे ती वर्षभर, आपापल्या गावात, दर आठवड्याला चालणाऱ्या गोष्टीची.

ती भरून काढण्याची संधी आत्ता समोर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आहेत, फील्ड प्रोजेक्ट आहे, ऑन जॉब ट्रेनिंग आहे. चौथ्या वर्षाला ‘ऑनर्स विथ रिसर्च’ची वाट आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी कारखान्यात जाईल, वनस्पतिशास्त्राचा माळरानावर जाईल. गणिताच्या विद्यार्थ्याने फील्ड प्रोजेक्टला कुठे जायचे, हा प्रश्न गणित विभागांना पडतो, आणि त्याचे उत्तर बऱ्याचदा इंटरनेटवरून उतरवलेल्या, स्पायरल बाइंडिंग केलेल्या अहवालात सापडते. गणिताचे फील्ड पुस्तकात आणि फळ्यावर असते. विद्यार्थ्याने आठवड्याला चार तास स्वतः वाचले आणि एक तास मार्गदर्शकाबरोबर घालवला, तर बारा आठवड्यांत साठ तास होतात. प्रात्यक्षिकाच्या हिशोबात ३० तासांना एक क्रेडिट धरतात, म्हणजे हे काम दोन क्रेडिटचे भरते. नियमांच्या चौकटीत ते आजही बसवता येईल.

मार्गदर्शक आणायचे कुठून, ही पुढची अडचण. ती खरी आहे. अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर काम करणारी माणसे एका गावातून दुसऱ्या गावात धावत असतात. त्यांच्यावर आणखी एक काम लादणे योग्य नाही. पण डीआरपीचा मूळ विचारच असा की मार्गदर्शक प्राध्यापक नसावा. तो विद्यार्थ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, अजून शिकत असलेला असावा. ‘मलाही हे पहिल्यांदा कळले नव्हते’ असे तो मोकळेपणाने सांगू शकतो, आणि विद्यार्थ्यालाही त्याच्यासमोर चुकण्याची भीती वाटत नाही. असे तरुण आपल्याकडे आहेत. पुणे, मुंबई, कोल्हापूर, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, नागपूर इथल्या विद्यापीठांच्या गणित विभागांत एम.एस्सी. आणि पीएचडीचे विद्यार्थी आहेत. पुण्याच्या आयसर, पवईच्या आयआयटी आणि कुलाब्याच्या टीआयएफआरमध्येही आहेत. एकेकाने एक विद्यार्थी घेतला तरी सुरुवात होते. अंतराची अडचण व्हिडिओ कॉलने सुटते. मोबाइल वहीवर धरून हातची सिद्धता दाखवण्याची कला तर करोनाच्या काळात सगळेच शिकले.

मात्र त्यांना मानधन द्यायला हवे. अमेरिकेतल्या अनेक विभागांत मार्गदर्शकाला छोटी रक्कम मिळते. शिष्यवृत्ती वेळेवर हातात पडत नाही म्हणून आंदोलने करावी लागणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांकडून आणखी एक काम सेवाभावाने करून घेण्याची कल्पना कोणी मांडू नये. दहा जोड्यांच्या सत्रभराच्या मानधनाचा खर्च एका राष्ट्रीय परिषदेच्या मांडव, जेवण आणि स्मृतिचिन्हांच्या खर्चाहून जास्त व्हायचा नाही.

भाषेचा अडसर त्याहून अवघड वाटतो, पण या रचनेत तोच सर्वांत सहज दूर होतो. पदवीच्या पातळीची वाचनीय गणिती पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. आयग्नर आणि झीगलर यांचे ‘प्रूफ्स फ्रॉम द बुक’ घ्या (झागिअरची सिद्धता त्यात आहे), नाही तर सिल्व्हरमन यांचे संख्या सिद्धांतावरचे सोपे पुस्तक घ्या. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अशा पुस्तकाच्या पहिल्या परिच्छेदातच बिचकतो. वर्गात इंग्रजीत शंका विचारायची म्हटले की तो गप्पच बसतो. दोघांच्या बैठकीत हे ओझे राहत नाही. वाचन इंग्रजीत, बोलणे मराठीत, फळ्यावर चिन्हे. “समजा, ही संख्या मूळ नाही असे धरू, मग काय बिघडते?” एवढे मराठीत म्हणता आले की युक्तिवाद चालू होतो. शेवटचे दहा मिनिटांचे भाषणही मराठीत द्यायला हरकत नसावी.

आता यंत्राला विचारले की कोणतीही सिद्धता दोन सेकंदांत उलगडून मिळते, मग हा खटाटोप कशाला, असेही कोणी म्हणेल. उलगडून मिळते, आणि ती पुष्कळदा बरोबरही असते. पण आपण अडलो आहोत हे ओळखणे, तिथे दोन दिवस थांबणे आणि १३, १७, २९ करून पाहणे यातून जे हाती लागते, ते तयार उत्तर वाचून लागत नाही. लेखी प्रकल्प अहवालांवर विश्वास ठेवणे कठीण झालेल्या या दिवसांत समोरासमोरच्या तासाचे मोल उलट वाढले आहे. खडू हातात घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला काय कळले आहे, हे पाच मिनिटांत दिसते.

म्हणूनच या उपक्रमाला एक गोष्ट चिकटू देता कामा नये, ती म्हणजे गुण. क्रेडिट द्यायचे तर ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ एवढ्यावर द्यावे. शंभरपैकी किती, हे आले की त्यामागे रुब्रिक येईल, बाह्य परीक्षक येईल, ठरावीक विषयांची यादी येईल, त्या यादीवरचे गाइड येईल आणि दोन वर्षांत हीच भाषणे पीडीएफमध्ये विकत मिळू लागतील. प्रवेशही टक्केवारीवर ठेवू नये. ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट आहे. वाचन उपक्रमाला ती लावली, तर ज्याला गणिताची ओढ आहे पण परीक्षेचे तंत्र जमलेले नाही, तोच बाहेर राहील. अर्जात एकच प्रश्न पुरे: तुला काय वाचायचे आहे आणि का?

कुलगुरूंच्या परिपत्रकाची, अभ्यास मंडळाच्या ठरावाची किंवा अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिकागोतही सुरुवात विद्यार्थ्यांनीच केली होती. गणित विभागप्रमुखांनी येत्या सत्रात पाच विद्यार्थी निवडावेत, जवळच्या विद्यापीठातले पाच संशोधक विद्यार्थी शोधावेत, ग्रंथालयातून पाच पुस्तके काढून द्यावीत आणि आठवड्यातून एक दिवस दुपारी चारनंतर एक वर्गखोली उघडी ठेवावी. सत्र संपताना पाच भाषणे ठेवावीत आणि एफ.वाय.च्या मुलामुलींना ऐकायला बोलवावे. पुढच्या सत्राचे अर्ज त्यांच्याकडूनच येतील.